सांडोरच्या लग्नासाठी बांधलेली चाल

जसिंताने पत्रिका हातात ठेवली आणि म्हणाली, "मी मांडवात शिरताना वाजायची चाल तूच बांध." आम्ही पुण्यात एकाच शाळेत शिकवायचो, ती गणित, मी संगीत. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. मे महिन्यात, लग्नाच्या आदल्या दिवशी पहाटे, चालीचा कागद पर्समध्ये घालून निघाले.

पुण्याहून बोरिवलीपर्यंत एसटी, तिथून लोकलने वसई रोड. स्टेशनबाहेर सांडोरसाठी शेअर रिक्षा मिळाली, स्वस्त, पण बॅग मांडीवर घेऊन बसावं लागलं. गाव आलं तशी दोन्हीकडे केळीच्या बागा सुरू झाल्या. जसिंताच्या आईने पाण्याआधी सुकेळी पुढे केली. उन्हात वाळवलेली ही केळी वसईच्या बाजारात मिळतात. घेतल्याशिवाय परतू नका.

दुपारी अंगणात बँडची तालीम होती. बँडमास्तर बस्त्यावकाकांना मी कागद दिला. एकटा ट्रम्पेट, मागे संथ ड्रम. मला ते फार राजेशाही वाटलं होतं.

दोन ओळी वाजल्या असतील. भाजी चिरणाऱ्या बायकांचे हात थांबले. जसिंताची आई ओट्यावरून उठली, तिने क्रुसाची खूण केली आणि विचारलं, "कोण गेला?"

 जसिंता उठून घरात गेली.

बस्त्यावकाकांनी ट्रम्पेट खाली घेतला. "आमच्याकडे मयतापुढे असाच एकटा ट्रम्पेट वाजतो. गेल्या वर्षी जसिंताच्या बाबांना मीच पोचवला. कागद बघून कळायला हवं होतं मला."

"मी चाल फाडून टाकते," मी म्हटलं.

"फाडता कशाला? सूर तेच ठेवा, लयही तीच. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनला द्या. बाकी आम्ही बघतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जसिंता नवऱ्याचा हात धरून मांडवात आली आणि तीच चाल सुरू झाली. लोक टाळ्या वाजवत डोलू लागले. मी जसिंताच्या आईकडे बघायचं टाळत होते. तीच माझ्याजवळ आली, माझा हात धरला.

"कालचं ते वाजवलं नाहीस, बरं केलंस, बाय. हे कसं लग्नाचं वाटतं."

 एकही स्वर बदलला नव्हता. मी तिला ते सांगितलं नाही.

इतकी वर्षं मी मुलांना शिकवत आले, की गाणं म्हणजे सूर आणि ताल; वाद्य कुठलं, ही नंतरची सजावट. पुण्याला परतल्यावर कीबोर्डवर ट्रम्पेटचा आवाज लावून ती चाल वाजवायला घेतली. दुसऱ्या ओळीलाच हात उचलला. जसिंताच्या वडिलांना मी कधी पाहिलंही नव्हतं, आणि मला रडू येत होतं.