तात्यांनी झटकलेला रुमाल

सलूनमध्ये तात्यांचे हात आणि तोंड एकदमच सुरू व्हायचं आणि एकदमच थांबायचं. म्हणूनच लेकीला धास्ती. होणाऱ्या सासू-सासऱ्यांशी आईवडिलांची पहिलीच भेट, तीही एका बड्या फ्रेंच हॉटेलात. तिथे काही बिनसलं तर?

"तात्या, हात जोडते. तिथे दुकान उघडू नका," तिने टॅक्सीत बजावलं.

"अगं, कात्रीसुद्धा घरी ठेवलीय."

"जीभही ठेवायची होती," बायकोने खिडकीबाहेर बघत टोला हाणला.

हॉटेलात इतकी शांतता होती की तात्यांना स्वतःच्या नव्या बुटांची करकर ऐकू आली. शेजारच्या खुर्चीत होणारे व्याही. निवृत्त न्यायाधीश. चेहरा असा, की समोरच्याने न केलेला गुन्हाही कबूल करावा. तात्यांनी ओठ घट्ट मिटले.

पलीकडच्या टेबलावर कुणाची तरी डिश आली. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, भलीमोठी प्लेट आणि काठाला चिकटलेल्या हिरव्या पाल्याच्या चार काड्या. अशी डोकी तात्यांनी जन्मभर हाताळली होती! जिभेवर आलेलं वाक्य त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. लेकीने टेबलाखालून त्यांचा पाय हलकेच दाबला. शाबासकी होती ती.

पहारा सगळा जिभेवर. हातांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

तेवढ्यात वेटरने अदबीने झुकून तात्यांच्या हातात कडक इस्त्रीचा पांढरा रुमाल दिला. तात्या उठले, 'फट्' करून तो झटकला, व्याह्यांच्या गळ्याभोवती टाकला, कडा कॉलरीत खोचल्या आणि दोन बोटांनी त्यांचं डोकं किंचित पुढे झुकवलं.

मग त्यांना भान आलं.

लेकीने डोळे गच्च मिटले. तात्यांचे हात हवेतच राहिले. मोडलं पोरीचं लग्न, आणि तेही आपल्या हाताने!

पण डोळे व्याह्यांनीही मिटले होते. मान आणखी थोडी खाली घालून ते सवयीने पुटपुटले, "कानांवरचे बारीक करा. वरचे राहू द्या, आहेत तेवढे."

विहीणबाईंना हसू आवरेना. "अहो, जेवायला आलोय आपण!"

न्यायाधीशांनी डोळे उघडले. कान लालेलाल. "गळ्यात कापड आलं की माझं हे असंच होतं."

"सगळ्यांचंच होतं हो!" तात्यांच्या तोंडून निसटलं. "माझी निम्मी गिऱ्हाइकं तर घोरतात."

झालं, उघडलं दुकान! लेकीने टेबलाखाली पाय शोधला, पण समोर सासरेबुवा पोट धरून हसत होते. तिने पाय मागे घेतला.

तात्या ओशाळून रुमाल काढायला गेले, तर व्याह्यांनी तो धरून ठेवला. "असू दे. सकाळपासून ही बजावतेय, शर्टावर सांडू नका, माणसं नवीन आहेत. घास कसला उतरतोय!"

सूप आलं. पहिलाच चमचा रुमालावर सांडला. शर्ट वाचला. व्याह्यांनी असा सुस्कारा सोडला, की तो ऐकून तात्यांचेही खांदे सैल झाले.

निघताना व्याह्यांनी विचारलं, "लग्नाआधी कटिंगला तुमच्याकडेच येतो. चालेल?"

"या की! पण नंबर लावावा लागेल. व्याही असलात तरी."

लेकीने हसत आईकडे पाहिलं.

"जीभ आणली तेच बरं झालं," आई म्हणाली.