वाळूचे कलश

नांदेडला माझ्या मालिकेच्या चौथ्या भागाचं प्रकाशन झालं तेव्हा मला शाल, नारळ आणि सोनेरी रंगाचा एक कलश देण्यात आला. कलश हातात आल्याबरोबर मी तो तिरपा करून आत पाहिलं. आत थर्माकोलचा चुरा होता. तो व्यासपीठावर सांडला, प्रमुख पाहुण्यांच्या बुटांना चिकटला. सूत्रसंचालक माइकवर म्हणाले, "बघा, किती साध्या आहेत आपल्या लेखिका!" साधेपणाचा इथे काही संबंध नव्हता. मला जुनी सवय आहे.

मी कुमारवयीन मुलांसाठी अद्भुतकथा लिहिते. त्यात एक कोरडं नगर आहे, नगराच्या भांडारात शेकडो बंद घट रांगेत ठेवलेले आहेत, प्रजा त्यांची रोज आरती करते आणि आत काय आहे ते कुणी पाहिलेलं नाही. एक तेरा वर्षांची मुलगी पाहते. पुढे चार भाग होतात. दर कार्यक्रमात कुणीतरी उठून विचारतं की हे सगळं सुचलं कुठून, परदेशी वाचनातून का? एका अध्यक्षांनी तर माझ्या कल्पनेची भरारी आकाशगंगेपर्यंत नेऊन ठेवली. आकाशगंगेत मला कुणी ओळखत नाही. मला जे सुचलं ते अहमदपूरच्या अलीकडच्या एका गावात, शाळेच्या पटांगणावर, भर उन्हात. आणि जे सुचलं त्याला खरा शब्द प्रेरणा नसून किळस आहे.

उस्मानाबादेतून लातूर वेगळा काढून नवा जिल्हा झाला होता. आमच्या गावावर त्याचा परिणाम असा झाला की ग्रामपंचायतीच्या पाटीवरचं 'उस्मानाबाद' पांढऱ्या रंगाने पुसून त्यावर 'लातूर' लिहिलं. रंग पातळ होता. कितीतरी दिवस दोन्ही जिल्हे एकमेकांच्या अंगावर बसलेले दिसायचे. पाऊस दोन्ही जिल्ह्यांनी पाडला नव्हता. विहिरींचे तळ दिसत होते. दर तिसऱ्या दिवशी टँकर यायचा. त्याच्या रांगेत माणसांऐवजी घागरी उभ्या असत, पण घागरीवर नजर ठेवायला माणूस लागे, नाहीतर आपली घागर शेवटी सरकलेली सापडे. आम्ही बौद्ध वस्तीतले. आमच्या घागरींना मागे सरकायची सवय जरा जास्तच होती.

वडील रेल्वेत गँगमन होते, मुदखेडला. घरी माय, मी आणि बाळंतपणाला आलेली अक्का. अक्काला मुलगी होऊन सहा दिवस झाले होते, त्यातले शेवटचे दोन दिवस बाळाला आंघोळ नव्हती. मानेच्या वळ्यांत घामोळ्या पिकल्या होत्या. हात लागला की बाळ असं रडायचं की अक्काही रडायची. घरात पिण्याची अर्धी घागर शिल्लक होती. उद्या टँकर. मी पहाटेपासून रांगेत बसायचं ठरलं होतं.

त्याच संध्याकाळी शाळेतल्या बाई घरी आल्या. उद्या मंत्रीसाहेब येणार, पाण्याच्या टाकीची कोनशिला बसवणार, स्वागताला डोक्यावर कलश घेतलेल्या एकवीस मुली हव्यात. एक मुलगी कमी पडत होती आणि माझी उंची त्यांना बरोबर वाटली होती.

माय म्हणाली, "उद्या टँकरचा दिस हाय, बाई. पोरगी न्हाई येणार."

"अहो, कार्यक्रम झाला की ज्याचा कलश त्यानं घरी न्यायचा आहे. भरलेला."

"पान्यासकट?"

"पाण्यासकट."

मायने बाळाकडे पाहिलं. टँकरचं पाणी मिळालं तर मिळालं. कलशाचं पाणी बाई तोंडाने कबूल करत होत्या. अक्का आतून म्हणाली, "माय, आपन कलश-नारळ कवा मानायलो?"

"कलश त्यांचा," माय म्हणाली, "पानी आपलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही एकवीस जणी पटांगणावर रांगेत. मातीच्या घागरींना पांढरा रंग, त्यावर लाल स्वस्तिक, तोंडाशी आंब्याची पानं, वर नारळ, आणि नारळ हलू नये म्हणून कापडाची घट्ट पट्टी. घागरी आदल्या रात्रीच भरून ठेवलेल्या होत्या. उचलली तेव्हा मान आत गेली, इतकी जड. मला त्या वजनाचा आनंद झाला. जेवढी जड तेवढं पाणी. चालण्याचा सराव घेतला तेव्हा माझ्या कलशातून एक थेंब सांडला नाही. बाईंनी कौतुक केलं. मला वाटलं, माझी चालच तशी आहे.

दहाच्या सुमाराला टँकर आला. मागच्या पत्र्यावरचा पोचा मी ओळखला. तो वस्तीकडे वळला नाही. कमानीपासून व्यासपीठापर्यंत हळूहळू चालत राहिला आणि मागे बांधलेल्या नळीतून धुळीवर पाणी पडत राहिलं. साहेबांच्या गाड्यांमागे धूळ उडू नये म्हणून. ओल्या मातीचा वास आला. लोकांना तो वास फार आवडतो असं ऐकते. मी अजून पहिल्या पावसाला खिडक्या लावून घेते.

माझ्या शेजारची मुलगी पुटपुटली, "अगं, आपला टँकर रस्त्याला आंघोळ घालायलाय."

साहेब अडीचला आले. तोवर रस्ता पुन्हा वाळला होता आणि धूळ उडायची तेवढी उडाली. हार झाले. ज्यांनी हार घातले त्यांचे आभार झाले, आभार मानणाऱ्यांचाही सत्कार झाला. मग साहेब आमच्याकडे हात करून म्हणाले, "या नव्या जिल्ह्यात माझ्या माताभगिनींच्या डोक्यावरचा हंडा मी खाली उतरवल्याशिवाय राहणार नाही!" टाळ्या पडल्या. आमचे हंडे डोक्यावरच होते. खाली ठेवायचे नाहीत, फोटो बाकी आहेत, असं बाईंनी डोळ्यांनी सांगितलं.

सुटका झाल्यावर मी कलश कमरेवर घेऊन घर गाठलं. वाटेत दोनदा टेकले, पण पट्टीला हात लावला नाही, सांडलं असतं. मायने चुलीवर पातेलं ठेवूनच ठेवलं होतं. अक्का बाळाचे कपडे सोडून बसली होती. मायने पट्टी सोडली, नारळ कानाशी हलवून पाहिला. त्यात पाणी वाजत नव्हतं. पानं काढली, घागर पातेल्यावर वाकडी केली. काही आलं नाही. आणखी वाकडी केली तेव्हा वाळू आली. नदीची, बारीक, चाळलेली.

अक्काने बाळाला परत गुंडाळलं. मी सकाळपासून न सांडता आणलेली वाळू पातेल्यात पडली होती. मायने ती परत घागरीत भरली, वर पानं लावली, नारळ बसवला, पट्टी बांधली.

"चल," म्हणाली.

वस्तीतून जाताना ती ज्या घरांतल्या मुली रांगेत होत्या त्या दारांशी थांबली आणि एवढंच म्हणाली, "तुमच्या कलशात बघा गं." मग आम्ही शाळेच्या मागच्या बाजूला आलो. वर्गात साहेबांची पंगत बसली होती. मागे आचारी, शेजारी हात धुण्यासाठी भरलेली पाण्याची दोन पिंपं, आणि पिंपांची राखण करत ग्रामसेवक, कडक इस्त्रीत.

"भाऊ, ह्यात पानी घाला," माय म्हणाली.

"मावशी, आता नाही. साहेब जेवायला बसलेत."

"मंग साहेबाच्या म्होरं ठिवते. भाषनात लई बोलले कलशाकडं बघून. आत काय हाय तेबी बघतील."

ग्रामसेवकाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तो हळू आवाजात म्हणाला, "मावशी, वाळू मीच भरून घेतली. पाणी असतं तर पोरींच्या अंगावर सांडलं असतं. फोटोत बरं दिसलं नसतं. आणि पाणी होतं कुठं?"

माय पिंपांकडे बघत राहिली.

"ते पाव्हण्यांचं हाय," तो म्हणाला. घाबरला की त्याचीही भाषा गावाची व्हायची. "तुम्ही आवाज करू नका."

"मी कुठं आवाज करायले? वाळू पडली तर आवाज व्हत न्हाई." आणि ती दाराकडे दोन पावलं गेली.

त्याने तिच्या कमरेवरून घागर जवळजवळ ओढूनच घेतली, वाळू भिंतीशी ओतली आणि पिंपातून पाणी भरलं. काठोकाठ. भरून होतं न होतं तोच माझ्या शेजारची मुलगी तिच्या आईबरोबर कोपऱ्यावरून आली, तिच्यामागे आणखी तिघी, मग आणखी. सगळ्यांच्या कमरेवर पांढरा कलश. कुणी ओरडत नव्हतं. कुणाकडून तरी कळून वरच्या आळीतल्या बायाही आल्या. त्यांच्या कलशातही वाळूच होती. गावात इतकी समता मी पहिल्यांदाच पाहिली. शिवाय या रांगेत माझी माय पहिली होती आणि तिची घागर मागे सरकवायला कुणाचा हात मोकळा नव्हता. ग्रामसेवक घामाघूम होऊन वाळू ओतत होता, पाणी भरत होता आणि सारखा म्हणत होता, "बाया हो, हळू. बाया हो, हळू."

तेवढ्यात साहेब हात धुवायला मागच्या ओसरीवर आले. त्यांनी तांब्या घेतला आणि चूळ भरली. मान मागे टाकून गुळगुळ आवाज काढला, लांब थुंकले. दुसरी चूळ. तिसरी. तांब्या संपला, दुसरा मागवला. रांगेतल्या सगळ्या बाया त्या तोंडाकडे बघत होत्या. माय माझ्या कानाशी म्हणाली, "एका तांब्यात लेकराचं अंग धुऊन निघालं असतं."

माझ्या मालिकेत चुळा भरणारा एक सम्राट आहे. मुलांना तो विनोदी वाटतो. मी त्यांना काही सांगत नाही.

तोंड पुसून झाल्यावर साहेबांना आम्ही दिसलो. रांगेत बाया, कमरेवर रंगवलेले कलश, दुसऱ्या हातात नारळ. त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, हा निरोपाचा कार्यक्रम. त्यांनी हात जोडले आणि ग्रामसेवकाला म्हणाले, "कमाल आहे. निरोपालासुद्धा कलश! याला म्हणतात जनतेचं प्रेम."

"होय साहेब," ग्रामसेवक म्हणाला. त्याच्या हातातली घागर अर्धी वाळूने भरलेली होती.

फोटोग्राफरने फोटो काढला. लातूरच्या एका साप्ताहिकात तो छापून आला. माय त्यात पहिली उभी आहे, हसत नाही. खाली लिहिलंय, 'निरोप देताना भावुक झालेल्या महिला.' ओतलेल्या वाळूचा ढीग शाळेमागे राहिला आणि लहान मुलं त्यात खेळली. त्या दौऱ्यातून गावाला मिळालं ते एवढंच. कोनशिला अजून आहे. टाकी नाही.

घरी येऊन मायने चूल पुन्हा पेटवली. पाण्याला पिंपातल्या जुन्या तेलाचा वास होता, वर एक चकचकीत थर तरंगत होता. मायने तो फडक्याने टिपून काढला, पाणी कोमट केलं आणि पाय लांब करून बाळाला पायांवर घेतलं. खाली परात ठेवली, पडलेलं पाणी अक्काचे कपडे भिजवायला. मानेच्या वळीवर पहिली ओंजळ पडली तशी माझी भाची किंचाळली, पाय झाडले, परातीबाहेर पाणी उडवलं.

"रड, माय, रड," माय तिला म्हणाली. "खाली तेवढं सांडू नको."