कोंबडा, कोंबडी आणि मऊ करवंद

सर्व संबंधितांस जड अंतःकरणाने कळवण्यात येते की मालवणच्या किनाऱ्यावर एका करवंदाने माझा विश्वासघात केला. गोष्ट पन्नासच्या दशकातली आहे. पण जखमेवर अजून खपली धरलेली नाही, आणि धरू लागली की मीच ती हौसेने काढते.

मे महिन्यात मामा मुंबईहून आला होता. परत जाताना उरलेल्या सुट्टीपुरतं एका भाचीला बरोबर नेणार होता. "माझ्या खोलयेत एकाच चेडवाक जागा आसा," त्याने जाहीर केलं. भाच्या दोन, ताई आणि मी. मला ट्राममध्ये बसायचं होतं. खिडकीशी ऐटीत कसं बसायचं, याची तालीम मी पडवीतल्या बाकावर पुरी केली होती.

बोट त्याच संध्याकाळी होती. आई म्हणाली, "करवंदांच ठरवंदेत कोण जाता ता."

करवंद बाहेरून काळंभोर झालं तरी आतलं दात मारल्याशिवाय कळत नाही. लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. आम्ही आधी ओळखायचं, मग मामाने चावायचं. जिचं बरोबर निघेल ती मुंबईला. लबाडी नको म्हणून एकीने दुसरीला करवंद द्यायचं.

मी मनातल्या मनात ट्रामचं तिकीट काढलं. कारण गुपित माझ्याकडे होतं. अंगठ्याने हळूच दाबायचं. दबलं तर कोंबडा, ताठ राहिलं तर कोंबडी. पुढे शाळेत विज्ञान शिकवू लागले तेव्हा कारण कळलं. फळातल्या पेशींच्या भिंतींना पेक्टिन नावाचा पदार्थ सांधून धरतो, चिऱ्यांना चुना धरतो तसा. पिकताना तो विरघळत जातो, भिंती सैलावतात, फळ मऊ पडतं. तेव्हा हे शास्त्र ठाऊक नव्हतं, पण अंगठा तयार होता. ही विद्या मी साऱ्या जगात एकाच माणसाला शिकवली होती. ताईला. आदल्याच दिवशी, डोंगरावर, देवाची शपथ घालून.

मी टोपलीतलं हाताला लागेल ते करवंद तिला दिलं. ती म्हणाली, "कोंबडी." मामाने चावलं. पांढरं.

मग तिने परकराच्या ओच्यातून एक काढलं. "ह्यां घे गो बाय. तुझ्यासाठी राखून ठेवलंय."

काय मऊ होतं ते. थोडं कोमटसुद्धा. माझा ऊर भरून आला. सख्खी बहीण मला पिकलेलं देत होती, म्हणजे मुंबई मलाच देत होती. शेजारच्या अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "कोंबडो."

मामाने दात मारला आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. आतून कवडीसारखं पांढरं. "कच्चा आसा गो. चीक लागलो ओठांक. खोबरेल घेवन ये, त्याशिवाय ह्यो जावचो नाय."

दुपारभर मी पडवीत एकच विचार करत होते. न पिकता मऊ झालेलं करवंद मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझा अंगठा खोटं कसं बोलला?

संध्याकाळी धक्क्यावर सगळे निरोपाला जमले. बोट लांब उभी होती, तिच्यापर्यंत होडीने जायचं होतं. मामा होडीत उतरला आणि ताईला घ्यायला त्याने हात पुढे केला. तिने दोन्ही हात पाठीमागे धरले होते. तो हसला, तिचा एक हात ओढून घेतला, आणि मग साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल असं बोलून गेला, "अगो, तुझे हात इतके चिकट कित्याक? सकाळपासून काय चोळीत होतंस?"