लकव्याच्या वॉर्डातला जोडीदार

फिजिओथेरपी शिकताना घाटकोपरच्या इस्पितळात, लकव्याच्या वॉर्डात, माझ्या जोडीला विक्रोळीचा एक मुलगा होता. पेशंटला हात लावण्याआधी तो तळवे स्वतःच्या गालावर धरून गार नाहीत ना बघायचा. पेशंट त्याचीच वाट बघत आणि मी जळत बसे. भारतानं वर्ल्डकप जिंकल्यापासून मी क्रिकेटपटूंचे गुडघेच सांभाळायचं ठरवलं होतं.

एका मालवणी आजीच्या हाताला मी आठवडाभर व्यायाम दिला आणि कागदावर ‘झकास प्रगती’ लिहिलं.

"यार, हा तिचा चांगला हात आहे," तो कुजबुजला.

"माका म्हायत होता," आजी म्हणाली, "पण झिलाचो हुरूप कशाक मोडूचो?"

मग त्यानं दुसरा हात धरला. त्या हाताचं बोट हललं, तेव्हा मला पुढे करून सरांना म्हणाला, "सर, ही याची मेहनत."

इतका राग मला कधीच आला नव्हता. विषय निवडायच्या अर्जावर मी गुडघे खोडून लकवा लिहिला. त्यानं लकवाच निवडला होता, आणि तिथे त्याला एकट्यालाच चांगला माणूस राहू देणं मला सोसणारं नव्हतं.