आईला न आवडणारा शब्द

सकाळपासून निकाल विचारताय, म्हणून एकदाच लिहिते.

मेडिकलसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मिळून पन्नास टक्के लागतात. माझे शेहेचाळीस होते, म्हणून पुन्हा परीक्षा दिलेली. तिला सगळे इम्प्रूव्हमेंट म्हणतात.

आईला हा शब्द आवडत नाही. पप्पा ॲडमिट होते तेव्हा डॉक्टर रोज सांगायचे, इम्प्रूव्हमेंट आहे. शेवटच्या दिवशीपण हेच सांगितलेलं.

आज एकोणपन्नास आले.

आई कल्याणच्या मार्केटात मासळी विकते. मी तिथेच गेले. मासे कापता कापता तिने विचारलं, "काय झालं गं?"

माझ्या तोंडून निघालं, "इम्प्रूव्हमेंट आहे."

तिने अर्धी भरलेली टोपली झाकली. "चल घरी."

तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?