मधल्या खोलीचा कॅमेरा

बोईसरच्या कारखान्यांत नेटवर्क लावून देणं हा माझा धंदा. त्यामुळे तारापूरकडच्या आमच्या गावाहून दादाचा फोन आला, "घरातलं नेट वेगवेगळं करून दे," तेव्हा मला आधी हसूच आलं. चुली वेगळ्या झाल्या, चिकूची वाडी वाटून झाली, राहिलं होतं ते वायफाय!

वाटणीत बाबाही आले होते. एक महिना दादाकडचं जेवण, एक महिना धाकट्या भावाकडचं. बाबा मात्र मधल्या खोलीतून हलले नाहीत. आई गेल्यावर काळजीपोटी तिथे कॅमेरा बसवला होता. तो दोन्ही घरांच्या फोनवर दिसायचा, आणि भांडणाचं मूळ तेच झालं. धाकट्याच्या महिन्यात मोठी वहिनी फोन बघून ऐकवायची, "नऊ वाजले, बाबांना अजून चा नाय." पुढच्या महिन्यात धाकटी वहिनी सव्याज परतफेड करायची. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तशी गत. फक्त इथे पाहुण्याचे हाल दोन्ही घरं जातीने बघत होती.

पालघरहून स्विच घेऊन गेले. घरभरच्या वायरी ज्या डब्यात येतात तो स्विच. जरा बरा घेतला तर त्याच्या आत कप्पे पाडता येतात. या वायरी दादाच्या, त्या धाकट्याच्या. इंटरनेट दोघांना, पण एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. त्यालाच व्हीलॅन म्हणतात. बाबांच्या खाटेवर लॅपटॉप ठेवून मी वायरी वाटत गेले. दोघे भाऊ शहाण्यासारखे उभे होते. शेवटी कॅमेऱ्याची वायर उरली.

"हिला तिसरा कप्पा करते. दोघांनाबी दिसल," मी म्हणाले.

"नको," दादा म्हणाला. "ज्याचा महिना, त्यालाच दिसू दे."

धाकट्याने लगेच मान डोलावली. वाटणीनंतर दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

माझं डोकं फिरलं. "म्हंजे एक तारीख आली का बाबांना या कप्प्यातून उचलून त्या कप्प्यात ठेवायचं? लाज नाय वाटत तुमाला?"

ओरडून मला बरं वाटलं नाही, उलट रडूच यायला लागलं. बाबा उशीला टेकून सगळं ऐकत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"पोरी," बाबांनीच विचारलं, "ते दर महिन्याला बदलाचं काम या दोघांना जमल?"

"नाय जमायचं, बाबा."

"मंग तुलाच यावं लागल?"

गणपतीनंतर मी गावाकडे फिरकले नव्हते. आणि हे काम बोईसरला घरी बसून, चहा निवायच्या आत होण्यासारखं होतं.

"हो," मी म्हणाले. "दर एक तारखेला. मलाच यावं लागल."

बाबा जरा सावरून बसले. "मंग ते दोघं म्हनतात तसंच कर," म्हणाले.