हिरव्या ढालीवरचं लाल कमळ

मला कुणी पहिल्या फटक्यात 'हो' म्हटलं की मी सावध होते. ही सवय चळवळीने लावली. इथे जर्मनीत, बॉनला विद्यापीठात शिकताना आम्ही भाडेकरूंसाठी पत्रकं काढायचो, दारोदार वाटायचो. जो घरमालक वाद घालायचा त्याच्याशी पुढे काहीतरी बोलणं व्हायचं. जो गोड हसून 'अगदी बरोबर आहे तुमचं' म्हणायचा, तो आमचं पत्रक जिन्याखालच्या कागदाच्या पेटीत टाकून मोकळा व्हायचा. म्हणून वहिनीचा फोन आला आणि ती म्हणाली, "पास झाले गं मी, नाव पण आणि ढाल पण," तेव्हा मी अभिनंदन करायच्या आधी विचारलं, "इतक्यात?"

दादा नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. वहिनी लग्नाआधी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत होती. माल नाकारणं हा तिचा धंदा. एका खेपेत एक पार्ट वाकडा निघाला तर ती सगळी खेप परत पाठवायची आणि मालकाचा फोन आला तरी हलायची नाही. इथे आल्यावर तिच्या डिग्रीचं काय करायचं ते कुणालाच कळेना. भाषेचे कोर्स झाले. 'तुमचं जर्मन किती छान आहे' हे वाक्य तिने इतक्या वेळा ऐकलं की पुढे ते कानावर पडताच ती ओठ मिटून घ्यायची. मग शेजारणीबरोबर ती एका फेराइनमध्ये गेली. तेराव्या-चौदाव्या शतकातलं आयुष्य जगून बघणाऱ्यांची ही संस्था. शनिवार-रविवारी हे लोक हाताने शिवलेले लोकरीचे कपडे घालून माळावर तंबू ठोकतात, चुलीवर रांधतात, ढाल-तलवार घेऊन लुटुपुटूची लढाई करतात. बटाटा नाही, टोमॅटो नाही, कारण तेव्हा ते इथे आलेच नव्हते.

मला हे सगळं संशयास्पदच वाटलं होतं. जुन्या काळाचं प्रेम ज्यांना येतं त्यांना त्या काळातलं नेमकं काय हवं असतं, हा प्रश्न मी आमच्या दोन पत्रकांत विचारलेला आहे. पण वहिनीला तिथे रांधण्या-शिवण्यात रस नव्हता. तिला हवी होती तपासणीच्या टेबलामागची खुर्ची.

त्याचं असं होतं. फेराइनमध्ये प्रत्येकाला त्या काळात खरोखर असू शकेल असा एक माणूस व्हावं लागतं. त्याचं नाव मनाने ठेवायचं नाही. मठाचं लॅटिनमधलं दानपत्र, शहराच्या करदात्यांची यादी, असं काहीतरी दाखवून ते नाव त्या भागात, त्या काळात होतं हे सिद्ध करायचं. ढालीवरच्या चिन्हाचंही तसंच. रंगांचा नियम तर लोखंडी. पिवळा आणि पांढरा म्हणजे सोनं आणि चांदी, हे धातू. लाल, निळा, हिरवा, काळा हे रंग. धातूवर रंग चालतो, रंगावर धातू चालतो. रंगावर रंग चालत नाही, कारण लांबून तो दिसत नाही, आणि ढालीचं काम एकच, धुळीत आणि गर्दीत आपला कोण ते लांबून कळणं. म्हणून परीक्षाही मैदानात. ज्याची ढाल त्याने ती एका टोकाला धरून उभं राहायचं, परीक्षकांनी दुसऱ्या टोकावरून काय दिसतं ते ओरडून सांगायचं. दिसलं नाही की नामंजूर. आणि ज्याचं स्वतःचं नाव आणि ढाल पास झाली आहे, त्यालाच परीक्षकांत बसता येतं.

वहिनीने मला हे सांगितलं होतं तेव्हा तिचे डोळे चाकणच्या गोष्टी सांगताना व्हायचे तसे झाले होते. कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्या एका गड्याला फेराइनने दोनदा परत पाठवलं होतं. त्याचं नाव जुन्या कागदांत नव्हतंच, कुठल्या तरी कादंबरीतलं होतं. आणि निळ्यावर काळं अस्वल काढलेलं, ते मैदानाच्या टोकावरून डागासारखं दिसलं. "बिचारा," मी म्हटलं होतं. "बिचारा कसला," वहिनी म्हणाली होती. "चुकलंय ना. मग?"

आणि आता ही बाई पहिल्याच खेपेला पास.

"मैदानात उभं केलं तुला?" मी फोनवर विचारलं.

"नाही गं. कॉफी चालली होती. अध्यक्षांनी ढाल बघितली, म्हणाले, वुंडरबार, फारच छान, मंजूर. सगळ्यांनी टाळ्यांऐवजी टेबलं वाजवली."

"नावाला पुरावा मागितला?"

"वन्सं," वहिनी म्हणाली. एरवी ती मला नावाने हाक मारते. वन्सं म्हणाली की समजायचं, पुढे काटा आहे. "तुमच्या मोर्च्यात घ्या मला कधीतरी. इथे जरा आनंद होऊ द्या."

मी फोन ठेवला, पण माझं डोकं काही थांबेना. त्या आठवड्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी जुन्या रंगवलेल्या ढालींच्या पुस्तकांच्या प्रती काढून बसले. पानामागून पान. सिंह, गरुड, मासे, चाकं, शिंगं, एका ठिकाणी चक्क मोजे. तांबड्यावर पांढरं, निळ्यावर पिवळं. हिरव्यावर लाल मला कुठे दिसेना. आणि वहिनीची ढाल होती गर्द हिरवी, त्यावर कुंकवाच्या रंगाचं कमळ. तिने ते मला आधीच फोटोत दाखवलं होतं आणि तेव्हा मलाही छानच वाटलं होतं. हिरवा चुडा, लाल कुंकू, ओटीचा खण. आपल्या डोळ्याला ही जोडी इतकी सवयीची की नियम पाठ असूनही वहिनीला ती खटकली नव्हती. पण त्या परीक्षकांना? त्यांच्या घरी कुणी हिरवा खण दिलेला नाही. त्यांना पहिल्या नजरेत दिसलं असणार. मग बोलले का नाहीत?

शुक्रवारी मी नेकारसुल्मची गाडी पकडली. घरात शिरले तर फ्रिजवर फेराइनचं नवं पत्रक चुंबकाने लावलेलं. पत्रक वाचायला मला कुणी शिकवायला नको. मी एवढी पत्रकं काढली आहेत की कुठला फोटो कशासाठी वर ठेवतात ते मला कळतं. सगळ्यात वर वहिनी, हातात ढाल, कपाळावर टिकली. खाली ओळ, 'आम्ही सगळ्यांसाठी खुले आहोत'. आतल्या पानावर परीक्षकांचे फोटो, कामांची वाटणी, भाषणं. तिथे वहिनी नाही.

"तू त्यांचं झेंडूचं तोरण आहेस," मी म्हटलं. "दाराला लावलंय. घरात घेतलेलं नाही."

"तुला सगळीकडे कटच दिसतात."

"मग ढाल घेऊन खाली चल."

इमारतीच्या मागे गाड्या लावायची लांब जागा आहे. मी वहिनीला ढाल देऊन गॅरेजच्या भिंतीपाशी उभं केलं आणि दादाला दुसऱ्या टोकाला नेलं. तो सकाळपासून कामावर होता, हातात चहाचा कप तसाच.

"काय दिसतंय?"

"तुझी वहिनी."

"ढालीवर."

दादाने डोळे बारीक केले. "आल्झो, म्हणजे... हिरवं आहे. मध्ये जरा काळपट. ओल लागलीय का तिला?"

वहिनी तिकडून ओरडली, "अहो, नीट बघा."

"नीटच बघतोय गं. भोपळा आहे का?"

वहिनीने ढाल भिंतीला टेकवली, आमच्यापाशी चालत आली आणि स्वतः वळून बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं ती माझ्यावर चिडेल. ती म्हणाली, "वेल्डरला दोनदा परत पाठवलं. मला का नाही?"

दादा म्हणाला, "अगं, चांगुलपणाने केलं असेल. परक्या बाईला कशाला दुखवा."

"गेनाऊ," वहिनी म्हणाली. 'अगदी बरोबर' अशा अर्थाचा तो शब्द तिने असा उच्चारला की दादा कप घेऊन वर निघून गेला.

मी लगेच सुचवलं की पत्र लिहू, सगळ्या सभासदांना वाटू, मथळाही माझ्या मनात तयार होता. वहिनीने ऐकूनही घेतलं नाही. म्हणाली, पत्र लिहिलं की ते माफी मागतील, अजून गोड बोलतील आणि पुन्हा मंजूर म्हणतील. शनिवारी सगळी सकाळ ती बाल्कनीत जाऊन, दार लावून रंगवत बसली. तिकडून टर्पेंटाइनचा वास येत होता. मला वाटलं, कमळ पिवळं करतेय. शहाणपणा करतेय, प्रकरण मिटवतेय. मला रागच आला.

दुपारी माळावर गेलो तेव्हा तिने ढाल जुन्या चादरीत गुंडाळून आणली होती. तंबू लागले होते. अध्यक्ष म्हणजे निवृत्त शाळामास्तर, अंगाने उंच, आवाज मायाळू. फेराइनमध्ये सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. वहिनी त्याला म्हणाली, "माझी मैदानाची परीक्षा राहिली आहे. आज घ्या."

"अगं, तू पास आहेस."

"नियम आहे ना?"

"नियम आहे, पण तुझ्या बाबतीत..." तो थांबला, माझ्याकडे बघून हसला. मी हसले नाही.

वेल्डर तिथेच उभा होता, नवी ढाल घेऊन आलेला. तो म्हणाला, "घ्या की. मला तर पावसात उभं केलं होतं."

परीक्षक तिघे, अध्यक्ष धरून. ते या टोकाला उभे राहिले. मी मुद्दाम त्यांच्या मागे. वहिनी गवतातून चालत पार पलीकडे गेली, आमच्याकडे पाठ करून चादर काढली, आणि वळली. हिरवी ढाल. मध्ये काळपट डाग. कमळ पिवळं केलेलं नव्हतं, एवढं मला कळलं. बाकी काही कळेना.

"काय दिसतंय?" तिचा आवाज लांबून आला.

अध्यक्ष जराही अडखळला नाही. "कमळ," तो ओरडला. "फार सुंदर. एकेक पाकळी दिसतेय."

दुसरी परीक्षक बाई म्हणाली, "हो, कमळ." तिसऱ्याने मान हलवली.

वेल्डर डोळ्यांवर हात धरून बघत होता. "मला तर काही दिसत नाही बुवा," तो पुटपुटला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

वहिनी चालत आली. घाई नाही. जवळ येता येता ढालीवरचं चित्र उमटायला लागलं आणि आधी मला वाटलं माझाच डोळा फसतोय. ती अध्यक्षासमोर येऊन थांबली. ढालीवर लाल रंगात, देठासकट, चांगलं टपोरं वांगं होतं.

त्या बाईने तोंडावर हात ठेवला आणि मग तिला हसू आवरेना. अध्यक्षाचे कान लाल झाले.

"मला वाटलं," तो हळू म्हणाला, "नामंजूर म्हटलं तर तू दुखावशील. येणं सोडशील."

"आणि पत्रकावर कुणाचा फोटो लावणार मग?" हे मी म्हटलं. गप्प राहणं मला जमलं नसतंच.

वहिनीने मला हाताने थोपवलं. "तू गप्प बैस." आणि त्याच्याकडे वळून जर्मनमध्ये, सावकाश, प्रत्येक शब्द नीट ठेवत म्हणाली, "मी पुण्याकडे हेच काम करत होते. वाईट माल पास करणारा माणूस आम्ही दुसऱ्या दिवशी ठेवत नव्हतो. मला तुमच्या टेबलाशी बसायचंय. खोट्या ढालीवर बसले तर उद्या मी कुणाची ढाल नाकारली की तो म्हणेल, तुझी कशी पास झाली?"

"मी म्हणणारच होतो," वेल्डर म्हणाला. तो चिडलेला होता, आणि वहिनीवरही चिडलेला होता. ते मला आवडलं. गेल्या कित्येक दिवसांत तिच्याशी सरळ वागलेला तो पहिला माणूस.

मग त्यांनी तिला टेबलासमोर उभं केलं. नाव? मेख्टिल्ट, आणि पुढे जवळच्या एका गढीच्या घराण्याचं नाव. मेख्टिल्टला पुरावा? तो होता, मठाच्या दानपत्रातला, तिने आणला होता. घराणं? तिने इंटरनेटवरून उचललं होतं. अध्यक्षाचा आवाज आता मायाळू नव्हता, मास्तरासारखा होता. "तू शहरातल्या व्यापाऱ्याची बायको आहेस ना? मग गढीच्या सरदाराचं नाव तुझ्या नावामागे कुठून आलं? माहेर? तसं असेल तर दाखव. सरदाराची लेक व्यापाऱ्याला दिली याची नोंद कुठेतरी असेल." वहिनीने दोन उत्तरं देऊन बघितली. दोन्ही त्याने मोडून काढली. तिचा चेहरा घामेजला. मी तिच्याकडे बघत होते, कारण खरं सांगायचं तर मला अजूनही त्या माणसाचा भरवसा नव्हता. आता सूड घेतोय का, हे मी बघत होते. पण त्याने दानपत्रातलं नाव पुन्हा दोनदा तपासलं आणि ते राहू दिलं. सूड घेणारा तेही पाडतो.

"ढाल, रंगावर रंग. नामंजूर," तो म्हणाला. "नाव, अर्धं मंजूर, अर्धं नामंजूर. पुन्हा ये."

कुणी टेबल वाजवलं नाही. वहिनीने मान डोलावली, चादर उचलली आणि त्याला विचारलं, "पुढची तपासणी कधी?"

परतताना गाडीत मी म्हटलं, "तो फोटो काढायला लावायला हवा होतास. एवढ्यावर सोडायचं नाही." दादा गाडी चालवत होता, त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"त्यांना मी सांगितलंय," वहिनी म्हणाली, "की पास झाले की तो फोटो आतल्या पानावर घ्या, टेबलामागे बसलेला. नाही घेतला तर तू लिही तुझं पत्रक." मग तिने फोनवर मठांच्या नोंदी उघडल्या आणि मला म्हणाली, "लॅटिन येतं का गं तुमच्या मोर्च्यात कुणाला?"